वाऱ्याचे यंत्र आणि शेजाऱ्याची झोप

वाऱ्यापासून वीज करता येते, ही गोष्ट आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. कोणत्या चक्कीला पाती किती, ती वीज किती देते, तिला खर्च किती येतो, याची चर्चा चावडीपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळीकडे चालते. पण ती फिरताना आवाज किती करते, हा प्रश्न बहुधा यंत्र उभे राहिल्यावर निघतो, आणि तोही पहिल्या रात्री, शेजाऱ्याच्या घरातून! "वारा फुकटचा, त्याच्या आवाजाचे काय घेऊन बसलात?" असे उत्तर त्याला मिळते. वाचकहो, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. या आवाजाला सव्वाशे वर्षांहून जास्त इतिहास आहे. शास्त्रज्ञ, शिक्षक, शेतकरी आणि झोपमोड झालेले साधे गावकरी अशा सर्वांचा त्यात वाटा आहे. तोच इतिहास आज थोडक्यात पाहू.

प्रथम जुन्या पिठाच्या पवनचक्क्यांकडे वळू. युरोपात त्या शेकडो वर्षे चालल्या. त्यांचा आवाज होत नव्हता असे नाही. लाकडी चाके कुरकुरत, शिडे फडफडत, दगड घरघरत. पण तो आवाज चक्कीवाल्याच्या कामाचा होता. आपल्याकडे जात्यावर बसलेली बाई जशी घरघर बदलली की दाणे संपल्याचे ओळखते, तसाच प्रकार. काही चक्क्यांत तर दाणे संपत आले की आपोआप वाजणारी घंटाच बसवलेली असे. मुख्य म्हणजे ही यंत्रे संथ होती. मोठाली शिडे सावकाश फिरत आणि जोर देत. अमेरिकेत डॅनियल हॅलडे यांनी 1854 साली काढलेली, विहिरीचे पाणी उपसणारी अनेक पात्यांची चक्कीही अशीच संथ. तिच्या पात्याचे टोक साधारण वाऱ्याच्याच वेगाने जाते. त्यामुळे तिच्या पात्यांपेक्षा पंपाची कुरकुरच जास्त ऐकू येते.

वीज आली आणि चित्र पालटले. 1887 साली स्कॉटलंडमधील जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकांनी मेरीकर्क गावी आपल्या सुटीतल्या घराच्या बागेत कापडी शिडांची चक्की उभारली, तिच्यावर विद्युतघट भरले आणि घरात दिवे लावले. उरलेली वीज गावच्या रस्त्यावरील दिव्यांसाठी देण्याची त्यांची तयारी होती. परंतु ही सैतानाची करणी, असे म्हणून गावकऱ्यांनी ती नाकारली, असे सांगतात. पुढच्याच वर्षी, 1888 मध्ये, अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी चार्ल्स ब्रश यांनी 17 मीटर व्यासाचे, 144 पात्यांचे अवाढव्य चाक उभे केले. एवढे प्रचंड धूड, पण वीज फक्त 12 किलोवॅट. तरी ते सुमारे वीस वर्षे चालले.

हे गणित कुठे चुकते आहे, ते एका शिक्षकाने शोधले. डेन्मार्कच्या जटलंड भागात आस्कोव्ह येथे एक लोकविद्यापीठ होते. शेतकऱ्यांच्या मुलांना परीक्षेचा धाक न घालता शिकवायचे, अशी या शाळांची रीत. तेथील पदार्थविज्ञानाचे शिक्षक पॉल ला कूर यांनी 1891 मध्ये सरकारी मदतीने प्रयोगाची पवनचक्की बांधली. कृत्रिम वाऱ्याच्या नळीत पात्यांच्या लहान नमुन्यांवर त्यांनी प्रयोग केले. वीज करायची तर पुष्कळ पाती आणि संथ गती उपयोगाची नाही, थोडी पाती आणि जलद गती हवी, असा त्यातून निष्कर्ष निघाला. जनित्राला वेग लागतो, आणि जलद फिरणारे हलके पाते वाऱ्यातून जास्त काम काढते. 1904 पासून त्यांनी खेड्यातल्या तरुणांसाठी वीजतंत्राचे वर्ग चालवले. त्यांतला एक विद्यार्थी योहानेस यूल. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

ला कूर यांचा निष्कर्ष बरोबरच होता. आजचे प्रत्येक यंत्र त्यावर चालते. पण आवाजाचे बीजही त्यातच पडले. जुन्या पाणचक्कीच्या पात्याचे टोक वाऱ्याच्या वेगाने जाते, तर तीन पात्यांच्या वीजचक्कीचे टोक वाऱ्याच्या सहा-सात पट वेगाने धावते. म्हणजे सेकंदाला 8 मीटर वाऱ्यात पाणचक्कीचे टोक 8 मीटर जाईल, आणि वीजचक्कीचे टोक सुमारे 50 मीटर! चाबूक हवेतून सपकन फिरवला की तो वाजतो. सावकाश फिरवला तर वाजत नाही. पात्याचेही तसेच आहे.

आता लहान यंत्रांचा खरा सुवर्णकाळ आला तो अमेरिकेत, 1920 ते 1940 च्या दरम्यान. आणि त्याला निमित्त झाला रेडिओ. हे नभोवाणीच्या श्रोत्यांना ऐकून बरे वाटेल. 1930 च्या सुमारास अमेरिकेतल्या दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरी वीज होती. शेतकऱ्याला हवामान आणि बाजारभाव ऐकायचे, तर रेडिओची बॅटरी भरून आणायला शहर गाठावे लागे. तेव्हा आयोवा राज्यातल्या विनचार्जर कंपनीने घराच्या छपरावर बसवायचे छोटे यंत्र काढले. झेनिथ या रेडिओ कंपनीने आपल्या संचांबरोबर ते विकण्याची योजना आखली. मोंटानातील जेकब्स बंधूंनी तीन पात्यांचे अधिक भक्कम यंत्र तयार केले. अशी यंत्रे हजारोंनी खपली. छपरावर बसवलेले यंत्र जोराच्या वाऱ्यात गुणगुणत असणार, त्याची थरथर घरात उतरत असणार. पण त्यावेळच्या शेतघराची कल्पना करा. शेजारी कोसभर दूर. यंत्र ज्याचे, झोपही त्याचीच, आणि त्याच यंत्रावर रात्रीचा दिवा आणि रेडिओ. तक्रार करायची कोणाकडे? 1936 मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला, तारा शेतोशेती पोहोचल्या आणि ही चक्की हळूहळू मागे पडली.

तिकडे डेन्मार्कमध्ये योहानेस यूल, आता म्हातारे झालेले, गुरूचे काम पुढे नेत होते. 1957 साली त्यांनी गेडसर येथे 200 किलोवॅटची, तीन पात्यांची, 24 मीटर व्यासाची चक्की उभारली. तिची पाती मनोऱ्याच्या पुढे, म्हणजे वाऱ्याच्या बाजूला होती. वारा आधी पात्यांना लागे, मग मनोऱ्याला. ही गोष्ट साधी दिसते. पण पुढची सगळी हकिकत तिच्यावरच अवलंबून आहे. गेडसरची चक्की 1967 पर्यंत चालली आणि मग स्वस्त तेलाच्या दिवसांत थांबली.

1973 मध्ये तेलाच्या किमती भडकल्या आणि जगाला पुन्हा वाऱ्याची आठवण झाली. अमेरिकी सरकारने हे काम अंतराळसंशोधन करणाऱ्या नासा संस्थेवर सोपवले. 1979 साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात बून गावाजवळच्या हॉवर्ड्स नॉब या डोंगरावर एक महायंत्र उभे राहिले. नाव मॉड-1, क्षमता 2000 किलोवॅट, व्यास 61 मीटर, दोन पोलादी पाती. ही पाती मनोऱ्याच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला बसवलेली होती. वाऱ्याच्या झोताबरोबर पाती मागे वाकली तरी ती मनोऱ्यावर आपटू नयेत, हा त्यामागचा हिशोब. हिशोब ताकदीचा होता, कानाचा नव्हता.

यंत्र सुरू झाले आणि आसपासच्या काही घरांतून तक्रारी येऊ लागल्या. खिडक्यांची तावदाने खडखडतात, मांडणीवरची भांडी थरथरतात, छातीत धप् धप् वाजल्यासारखे होते. तक्रार करणारी घरे किती? तीन किलोमीटरच्या परिसरात डझनभर. बाकी बहुसंख्य घरांना काहीच त्रास नव्हता. ज्यांना होता, त्यांनाही रोज नव्हता. पुष्कळदा तो संध्याकाळी आणि रात्री जाणवे. घराबाहेर उभे राहिले तर कमी, आत अंथरुणावर पडले तर जास्त! आता तुम्हीच सांगा, अशी तक्रार कचेरीत आली तर तिचे काय होते? मूठभर लोक, कधी ऐकू येते, कधी येत नाही, बाहेर कमी आणि आत जास्त. 'मनाचे खेळ' असा शेरा मारून कागद मिटवायला इतके पुरे आहे.

बूनच्या बाबतीत कागद मिटवला गेला नाही, ही त्या इतिहासातली मोठी गोष्ट. कोलोरॅडोमधील सौरऊर्जा संशोधन संस्थेचे नील केली आणि त्यांचे सहकारी यंत्रे घेऊन तेथे गेले. डोंगरावर मोजले, दरीत मोजले आणि तक्रार करणाऱ्यांच्या घरात जाऊनही मोजले. 1985 मध्ये त्यांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात त्या डझनभर घरांची साक्ष खरी ठरली.

कारण असे निघाले. भर वाऱ्यात झाडामागे उभे राहिले की आडोसा मिळतो आणि वारा मंद लागतो. मनोऱ्याच्या मागेही असाच मंद वाऱ्याचा पट्टा असतो. त्याला मनोऱ्याची सावली म्हणा. मागे बसवलेले पाते दर फेऱ्याला या सावलीत शिरे. क्षणभर त्यावरचा वाऱ्याचा रेटा गळे आणि बाहेर पडताच पुन्हा बसे. हा प्रत्येक हिसका म्हणजे हवेत मारलेली एक थाप. यंत्र मिनिटाला 35 फेरे घेई. पाती दोन, म्हणजे मिनिटाला 70 थापा. या थापांचा नाद इतका खालचा होता की कानाला तो धड ऐकूही येत नसे. पण ढोलाची थाप जशी अंगात जाणवते, तशी ती घराला जाणवे. खोल्या, भिंती, तावदाने त्या नादाला साथ देत. म्हणून बाहेर कमी आणि आत जास्त. शिवाय हवेचे थर आणि डोंगरउतार यांमुळे ध्वनी वाकून काही ठरावीक दऱ्यांत एकवटे. म्हणून ठरावीक घरे आणि ठरावीक वेळा. गावकऱ्यांच्या सांगण्यात जे जे चमत्कारिक वाटत होते, त्या प्रत्येकाला भौतिक कारण मिळाले.

इलाज म्हणून जनित्र बदलून फेरे 35 वरून 23 वर आणले. शाळेतल्या मुलांना हे गणित जरूर घाला: 61 मीटर व्यासाच्या चाकाचे टोक 35 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 112 मीटर जाते, 23 फेऱ्यांना सुमारे 73 मीटर. आवाज उतरला. पण 1981 च्या आरंभी यंत्राच्या मुख्य जोडणीतले बोल्ट तुटले. त्यानंतर ते पुन्हा चालले नाही, आणि पुढे मोडीत निघाले. गेडसरच्या म्हाताऱ्याने पाती पुढे ठेवली होती. आजची जवळजवळ सगळी मोठी यंत्रे त्याच पद्धतीची आहेत.

येथे डेसिबेल या मापाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण या मापाने भले भले फसतात. टेलिफोनचे संशोधक ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून ते आले. हे माप सरळ चढत नाही. 10 डेसिबेल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होते, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. शांत खोलीत रात्री 30 च्या आसपास, समोरासमोरच्या बोलण्याला 60 च्या आसपास. एका यंत्राशेजारी तसेच दुसरे बसवले तर आवाज दुप्पट आकड्याचा होत नाही, फक्त 3 डेसिबेल वाढतो. मोकळ्या रानात अंतर दुप्पट केले की 6 डेसिबेल कमी होतो. 60 मीटरवर 45 असेल तर 120 मीटरवर 39. म्हणजे यंत्राच्या किमतीत काडीचीही भर न घालता, केवळ जागा नीट निवडून शांतता मिळवता येते.

मग कोणी म्हणेल, हे महायंत्रांचे झाले, लहान यंत्र ते काय, त्याचा आवाज तो किती? हीच मोठी गैरसमजूत आहे. पुन्हा गणित करा. 80 मीटर व्यासाचे यंत्र मिनिटाला 15 फेरे घेते. 2 मीटर व्यासाचे लहान यंत्र 600 फेरे घेते. व्यास आणि फेरे यांचा गुणाकार दोन्हीकडे 1200. म्हणजे दोन्हींच्या टोकांचा वेग सारखाच, सेकंदाला सुमारे 63 मीटर, ताशी सव्वादोनशे किलोमीटर! फरक इतकाच की मोठे यंत्र उंच मनोऱ्यावर, वस्तीपासून दूर असते. लहान यंत्र मात्र परसात, नाहीतर छपरावर, तुमच्या आणि शेजाऱ्याच्या खिडकीपाशी असते. मोठ्याचा 'हूश् हूश्' असा श्वास असतो, लहानाचा बारीक, चढा सूर. तो कानाला लवकर टोचतो.

त्यात लहान यंत्राच्या दोन खोडी आहेत. बॅटरी भरली की काही यंत्रांवरचा भार सुटतो आणि पाती मोकाट सुटून किंचाळू लागतात. दुसरी खोड वादळी वाऱ्यातली. पूर्वीच्या काही लहान यंत्रांत वेग आवरण्यासाठी पातीच फडफडू द्यायची, अशी रचना होती. अमेरिकेतले 'एअर 403' हे 400 वॅटचे यंत्र त्यातलेच. जोराच्या वाऱ्यात ते फार गोंगाट करी. त्यानंतर आलेल्या नमुन्यात विजेच्या साधनाने पात्यांचा वेग आवरण्याची सोय केली आणि तक्रार कमी झाली. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कोलोरॅडोतील सरकारी प्रयोगशाळेने 400 वॅटपासून 100 किलोवॅटपर्यंतची आठ यंत्रे घेऊन त्यांचे आवाज शास्त्रशुद्ध रीतीने मोजले. पात्याचा आकार बदलला की आवाज बदलतो, हे त्यात दिसले. ढोबळ नियम असा की पात्याच्या हवेतल्या आवाजाची शक्ती टोकाच्या वेगाच्या पाचव्या घाताने वाढते. वेग एक पंचमांशाने कमी केला तर ही शक्ती एक तृतीयांशावर येते. थोडी वीज सोडली, तर पुष्कळ झोप मिळते!

इंग्लंडमधला एक प्रसंग तर फार बोलका आहे. 2007 ते 2009 या काळात तेथे छपरावरच्या 26 लहान यंत्रांची पाहणी झाली. त्यांतली चांगली वीज देणारी यंत्रे होती उंच इमारतींच्या माथ्यावरची, कारण वारा तेथे भरपूर. पण नेमकी तीच यंत्रे बराच काळ बंद ठेवावी लागली. कारण? खाली राहणाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली होती. वाऱ्याची जागा आणि माणसांची जागा एकच निघाली, की असे होते.

या अनुभवांतून नियम आले. डेन्मार्कने 1991 मध्येच ठरवले की उघड्या रानातल्या सर्वांत जवळच्या घराबाहेर सेकंदाला 8 मीटर वाऱ्यात आवाज 45 डेसिबेलपेक्षा जास्त नसावा, आणि वस्तीत 40 पेक्षा. अमेरिकेच्या पवनऊर्जा संघटनेने 2009 मध्ये लहान यंत्रांसाठी मानक काढले. यंत्रापासून 60 मीटरवरचा आवाज विक्रेत्याने सांगितला पाहिजे, असे त्यात आहे. इंग्लंडने 2011 मध्ये शेजाऱ्याच्या खिडकीपासून एक मीटरवर 42 डेसिबेल ही मर्यादा घातली. आपल्याकडे 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. त्यांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबेल अशी मर्यादा आहे. महाराष्ट्राला पवनवीज नवी नाही. देशातले पहिले पवनप्रकल्प 1986 साली उभे राहिले, त्यांत रत्नागिरीचा समावेश होता. पुढे साताऱ्याच्या चाळकेवाडी, वनकुसवडे पठारांवर चक्क्यांची रांगच लागली.

आता एक अखेरची गोष्ट. नेदरलँड्समध्ये 2007 साली पवनचक्क्यांजवळ राहणाऱ्या 725 लोकांना प्रश्न विचारले गेले. ज्यांना चक्कीपासून उत्पन्न मिळत होते, त्यांच्या घरी आवाज इतरांपेक्षा जास्त होता. तरी त्यांना त्रास जवळजवळ वाटत नव्हता. यावरून कोणी म्हणेल, म्हणजे तक्रार पैशासाठीच! मला तसे वाटत नाही. स्वतःच्या शेतातला पंप रात्रभर चालला तरी आपल्याला झोप लागते. शेजाऱ्याचा चालला तर लागत नाही. कारण आपला पंप आपण बंद करू शकतो आणि त्याचे पाणी आपल्या पिकाला जाते. शेजाऱ्याच्या वाट्याला मात्र नुसता आवाज येतो. जेकब्सच्या काळातला शेतकरी आणि बूनचा गावकरी यांच्यातही नेमका हाच फरक होता.

तेव्हा गावात, शाळेवर किंवा शेतात लहान यंत्र बसवायचे ठरले, तर चार गोष्टी विसरू नका. विक्रेत्याला वीज किती हे विचाराल, तेव्हाच 60 मीटरवर आवाज किती, हेही विचारा आणि लेखी घ्या. छपरापेक्षा स्वतंत्र उंच खांब पसंत करा. थरथर घरात उतरणार नाही, आणि वाराही सरळ मिळेल. बॅटरी भरल्यावर यंत्राचे काय होते, ते समोर चालवून दाखवायला सांगा. आणि ऐकायचे ते रात्री ऐका. दिवसा न ऐकू येणारी लांबच्या आगगाडीची शिटी रात्री कशी स्पष्ट येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. जमिनीलगत हवा गार आणि स्थिर झाली की ध्वनी खाली वाकतो, आणि झाडांची सळसळही थांबलेली असते. भर दुपारी केलेली चाचणी रात्रीच्या झोपेची हमी देत नाही.

आणि कोणी शेजारी म्हणालाच की मला त्रास होतो, तर त्याला वेड्यात काढण्याआधी बूनची ती डझनभर घरे आठवा. त्यांच्याकडे मापयंत्रे नव्हती, पण जे जाणवले ते त्यांनी खरे सांगितले. शास्त्राने त्यांच्या दारी जाऊन ते ऐकले, म्हणून आजची यंत्रे पूर्वीपेक्षा शांत आहेत.